लिलीचा पाय, मायचा हात

आमच्या घरी बैलांना नावे होती, कुत्र्यांना नव्हती. बैलाला हाक मारून कामाला लावावे लागते. कुत्रा काय, भाकर टाकली की न बोलावता येतो, एवढा साधा विचार. कोंढा गावातल्या आमच्या घरासमोर दोन-तीन कुत्री कायम लोळत पडलेली असत. ती आमची की शेजाऱ्यांची हे आम्हाला ठाऊक नव्हते, आणि त्यांनाही नसावे. अशा घरात लिली आली, तीही नावासकट.

नहराच्या कामावरचे एक ओवरसियर आमच्या पुढच्या छपरीत दोनेक वर्षे भाड्याने राहत होते. त्यांच्या बायकोने ही कुत्री पाळलेली होती. पांढरी, झुबकेदार केसांची, धान पाखडायच्या सुपात मावेल एवढी. बाई तिला पामेरियन म्हणायची. गावाच्या तोंडात ते काही बसले नाही, गाव तिला 'बाईचं कुत्रं' म्हणे. मग ओवरसियरांची बदली झाली. ट्रकमध्ये सामान भरून झाले तेव्हा बाईने लिलीला उचलून माझ्या हातात दिले, "सांभाळशील ना गं?" म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावत ट्रकमध्ये चढली. मी तेव्हा सातवीत होते. मला कुणी काही सांभाळायला दिल्याची ती पहिलीच वेळ.

बाबा काही बोलले नाहीत. ते तसेही काही बोलत नसत. बोलायचे काम आमच्याकडे मोठी माय करायची. मोठी माय म्हणजे माझ्या वारलेल्या मोठ्या काकांची बायको. आमच्यातच राहायची, आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर तिचे मत तयार असायचे. "अवो बापा, हे कुत्रं हाये का ससा? याले राखाले अजून एक कुत्रं लागन," ती म्हणाली. माय, म्हणजे माझी आई, तिने एकदा लिलीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "राहू द्या. पोट्टीनं हो म्हणलं हाये."

माय लिलीला कधी हात लावत नसे. लाडाचे बोलणे तर तिने माझ्याशीही कधी केले नाही, तिथे कुत्रीचे काय. पण दुपारी भात वाढताना तव्याच्या कडेला लाखोळीच्या वरणात कालवलेला एक गोळा वेगळा ठेवलेला असे, आणि सुकी मासोळी भाजली की डोकी मोडून त्यात घातलेली असत. लिली त्यावर चांगली गरगरीत झाली. ती माझ्या बाजेवर पायथ्याशी झोपे आणि पहाटे मायच्या बांगड्या चुलीपाशी वाजल्या की बाजेवरून धप्पकन खाली उडी मारून तिकडे पळे. रोज एवढ्याशा जिवाची ती उडी, खाली शेणाने सारवलेली गुळगुळीत जमीन. त्यात काही वावगे आहे हे आम्हाला कसे कळणार? गावातली कुत्री भिंतींवरून उड्या मारत.

उन्हाळा संपता संपता एका पहाटे ती अशीच उतरली आणि कॅय करून ओरडली. मागचा डावा पाय तिने पोटाशी ओढून धरला होता. तीन पायांवर चार पावले उडत गेली, थांबली, पाय मागे झटकला आणि जणू काही झालेच नाही अशी चुलीकडे चालू लागली. मोठी माय म्हणाली, नाटकं करून राहिली. आठ दिवसांनी पुन्हा तेच झाले, मग चार दिवसांनी. कधी दोन पावले लंगडायची, कधी अख्खी सकाळ. मी पायात काटा शोधला, नखे पाहिली, काही नव्हते. गुडघ्याला हात लावला की मात्र ती मान वळवून माझा हात हळूच तोंडात धरायची, चावायची नाही, नुसता धरून ठेवायची.

एकदा दुपारपर्यंत पाय खाली आला नाही आणि मी रडायला लागले. मायने हातातले काम टाकले, मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम केली आणि लिलीच्या मांडीला शेक दिला. पाचव्या-सहाव्या वेळी पुरचुंडी टेकवली तसा लिलीने पाय ताणला, आणि उठून चालू लागली. ही गोष्ट मोठ्या मायनेच गावभर केली, की आमच्या लहान जावेच्या हाताला असा गुण की कुत्रंही चालाले लागते.

मायच्या हाताला गुण आहे हे गाव आधीपासूनच मानत होते. आमच्याकडे रोवणा सुरू झाला की बायका दिवसभर बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, चिखलात वाकून धानाचे परे रोवतात. महिना-महिना पाय पाण्यात. बोटांच्या बेचक्या सडतात, पांढऱ्या पडतात, फाटतात. चिखल्या म्हणतात त्याला. त्यावर आमच्याकडचा इलाज बिब्याचा. मायचे काम संध्याकाळी असे. बिबा सुईला टोचून ती दिव्याच्या ज्योतीवर धरी. चरचर आवाज होई, काळे तेल सुटे, आणि ते ती थेंबाने बेचकीत सोडी. बाई दात आवळून श्वास आत ओढी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधीत उभी राही. बिबा म्हणजे आग. थेंब राईएवढाच पडला पाहिजे. मोठा पडला तर कातडे सोलून निघते. मायचा थेंब कधी मोठा पडला नाही. मुरगळलेल्या घोट्यावर, सुजलेल्या गुडघ्यावर, बैलाच्या खांद्यावर, सगळीकडे तीच सुई आणि तोच हात. संध्याकाळी आमच्या ओसरीवर पाय धुतलेल्या बायकांची रांग बसे, तेव्हा मायच्या चेहऱ्यावर जे काही असे ते एरवी दिवसभर नसे. पुढे मी नर्स झाले, मोठमोठे डॉक्टर पाहिले. पेशंट समोर बसला की त्यांच्या चेहऱ्यावर येते ते मी सगळ्यात आधी आमच्या ओसरीवर पाहिले होते.

त्या वर्षी आमचा रोवणा सुरू होण्याच्या दोन दिवस आधी लिलीचा पाय वर गेला, तो खाली येईना. शेक झाला, हळद-चुना झाला. पाय पोटाशीच. गुडघ्याच्या आतल्या बाजूला काहीतरी टणक लागत होते आणि तो भाग कोमट झाला होता. लिली ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाटावर पडून राहू लागली, भाताच्या गोळ्याला तोंड लावीना. शाळेला रोवण्याची सुट्टी होती. मी दिवसभर तिच्यापाशी बसून रडत होते, आणि माझ्या रडण्याने मायचे कामात लक्ष लागत नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी, बायका बांधीकडे निघाल्या होत्या, बाबा परे उपटायला केव्हाच गेले होते, आणि माय डोक्यावर शिदोरीची टोपली घ्यायची ती खाली ठेवून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कात्री, दिवा आणि सुई होती.

"धरून ठेव तिले," ती म्हणाली.

मी लिलीला मांडीवर घट्ट धरले. मायने गुडघ्यावरचे केस कापले आणि बिब्याचे पाच ठिपके ठेवले, राईएवढेच. लिली थरथरली पण ओरडली नाही. माझ्याकडे पाहत राहिली. मग मायने जुन्या लुगड्याची चिंधी गुडघ्याभोवती दोन वेढे देऊन गच्च बांधली आणि मला दोन वेळा बजावले, "इथून हालू नोको. चाटन थे. माणूस आपला गुडघा चाटत नाई, कुत्रं चाटते. चिंधी जागची हालली नाई पायजे. समजलं?"

"हो."

"उद्यापर्यंत चालन पाय, घाबरू नोको," असे म्हणून माय निघून गेली. ती माझ्यासाठी थांबली होती, बांधीत वीस बायका तिची वाट पाहत असताना. तिचे लाड करणे ते एवढेच असायचे आणि ते मला तेव्हाही समजत होते.

दुपारपर्यंत मी खरेच हलले नाही. कवेलूंवर पाऊस वाजत होता, लांबून रोवण्याची गाणी ऐकू येत होती, मोठी माय आत घोरत होती. लिली चिंधीकडे तोंड नेई, मी तिचे तोंड बाजूला करी. मग ती कण्हू लागली. पाहिले तर चिंधीच्या खाली तिचे पाऊल सुजलेले, थंड लागत होते. ती चिंधी पाहायची आणि माझ्याकडे पाहायची. मला तिची दया आली. आयुष्यात दयेने मी इतके वाईट दुसरे काही केले नाही. मी गाठ सोडली, चिंधी सैल केली आणि मला जमली तशी पुन्हा बांधली. लिली शांत झाली, डोळे मिटले. मला वाटले, झोपली. मला भूक लागली होती. चुलीवरच्या गंजात भात होता, शिंक्यात भाजलेली मासोळी होती. मी आत गेले आणि चुलीपाशी बसून जेवले, दुसऱ्यांदा भात घेऊन जेवले.

परत आले तेव्हा चिंधी तिच्या घोट्यापाशी उतरली होती आणि लिली मन लावून गुडघा चाटत होती. कितीतरी वेळ चाटत असावी, कारण ठिपक्यांच्या जागी आता काळे काही उरले नव्हते. मी चिंधी वर ओढली आणि बांधली. पाणी आणून तिचे तोंड धुवावे, मोठ्या मायला उठवावे, बांधीकडे पळत जावे, यातले काही सुचले नाही असे मी म्हणू शकले असते. पण सुचले होते. सगळे सुचले होते. मायला काय सांगायचे हे सुचत नव्हते, म्हणून मी बसून राहिले.

संध्याकाळी माय आली तेव्हा लिलीच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या आणि ती पंजाने तोंड खाजवत होती. मायने तिचे ओठ उघडून पाहिले. जीभ आणि हिरड्या फोडांनी भरल्या होत्या. मायने चिंधीला हात लावला, ती सहज फिरली. माय कितीतरी वेळ त्या चिंधीकडे पाहत होती.

"माई गाठ सैल पडली," ती म्हणाली. "घाईत बांधली म्या." मग माझ्याकडे वळून विचारले, "तू होती न इथंच?"

मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायने लिलीला टोपलीत ठेवले, वरून प्लॅस्टिकचा कागद घातला आणि पवनीला निघाली. ऐन रोवण्यात बांधी सोडून. आमच्याकडे रोवण्यात घरात कुणी मेले तरी माती देऊन माणसे बांधीत उतरतात. बाबा दारात उभे होते. "कुत्रीपायी रोवना सोडून राहिली?" एवढेच त्यांनी विचारले. माय म्हणाली, "म्या लावलं तिले. मीच नेईन." बाबांना न विचारता ती घराबाहेर पडल्याचे मी तोवर पाहिले नव्हते. मी तिच्या मागोमाग गेले. मोटारीत बायकांनी टोपलीत डोकावून पाहिले आणि तोंडाला पदर लावून हसल्या. माय खिडकीबाहेर पाहत होती.

पवनीच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर तिकडे पुण्या-साताऱ्याकडचे, तरुण होते. समोर एक म्हैस आणि दोन गोऱ्हे उभे होते तरी त्यांनी टोपली आधी घेतली. लिलीचे तोंड उघडले आणि विचारले, "हे कशानं भाजलं?" मायने सांगितले. त्यांनी तोंड तेलाने पुसले, धुतले, पुन्हा तेल लावले, इंजेक्शन दिले, आणि म्हणाले की घशाखाली किती गेलंय त्यावर सगळं आहे, उद्या-परवा पाणी प्यायली तर वाचेल. त्यानंतर हात धुता धुता त्यांनी विचारले, "पण बिबा लावला कशासाठी, बाई?"

"पाय," माय म्हणाली. "पाय खाली येत नव्हता जी."

डॉक्टरांनी लिलीला कुशीवर निजवले. डाव्या हाताने पाय हळूच मागे, सरळ ताणला आणि उजव्या हाताचा अंगठा गुडघ्याच्या आतल्या बाजूने लावून बाहेर सरकवला. आतल्या आत काहीतरी टक् करून बसले. मला ऐकू आले. त्यांनी लिलीला जमिनीवर ठेवले आणि ती उभी राहिली. चारही पायांवर. डुगडुगत, तोंडातून लाळ गाळत, पण चारही पायांवर. त्यांनी माझा अंगठा घेऊन त्या गुडघ्यावर ठेवला. "ही वाटी. हिची खोबण उथळ असते ना, म्हणून सरकते. लहान जातीच्या कुत्र्यांत जन्मापासूनच असतं हे. सरकली की असं बसवायचं. उड्या मारू द्यायच्या नाहीत, खाली पोतं घालायचं, आणि भात कमी. जाड झालीय ही. बस्स, एवढंच. फारच त्रास झाला तर नागपूरला ऑपरेशन करतात. पण बहुतेक कुत्री अशीच जगतात, मजेत." त्यांना मायला दुखवायचे नव्हते, हे मला आज कळते. ते नुसते समजावून सांगत होते. पण माय त्या टेबलाची कड धरून उभी होती आणि 'एवढंच' या शब्दाला तिचे ओठ हलले.

माझ्या स्वतःच्या गुडघ्याच्या वाट्या आता झिजल्या आहेत. हल्ली एक मुलगी घरी येऊन व्यायाम करून घेते. तिने पहिल्या दिवशी अंगठ्याने माझी वाटी हलवून पाहिली तेव्हा मी पाय ओढून घेतला. "दुखलं का आजी?" तिने विचारले. मी हो म्हणाले.

लिली पवनीहून आणल्यावर तीन दिवस जगली. पाय पुन्हा वर गेला नाही. ती ओसरीभर नीट चालायची, पाण्याच्या परळापाशी जायची, वाकायची, जीभ पाण्याला टेकली की मागे सरायची. थोडे थांबून पुन्हा जायची. मायने कापसाच्या बोळ्याने दूध सोडले, तूप सोडले. ते तसेच बाहेर यायचे. माय बांधीतून दुपारी एकदा पळत घरी यायची, चिखलाच्या पायांनी, परळातले पाणी पाहायची आणि परत जायची. आम्ही सगळे ते पाणी पाहायचो. मोठी मायसुद्धा. एकदा ती परळापाशी बसून लिलीला म्हणाली, "पे व माय, पे. एक घोट पे." तिच्या तोंडी कुत्रीला माय म्हणणे ऐकून कुणीच हसले नाही. चौथ्या दिवशी सकाळी लिली गोणपाटावर पाय लांब करून पडली होती. बाबांनी मागच्या सांदवाडीत खड्डा खणला. तिला उचलताना त्यांनी तो डावा पाय हातात धरून एकदा वाकवून पाहिला, सरळ केला, आणि म्हणाले, "पाय तं चांगला होता." माय तिथेच उभी होती.

मी तिला कधीच सांगितले नाही. माय त्यानंतर कितीतरी वर्षे जगली, माझे लग्न, माझी नोकरी, माझी मुले सगळे तिने पाहिले. शेवटची दोन वर्षे माझ्याकडेच होती. सांगायला रोजची सकाळ होती. मी तिला अंघोळ घालायचे, तिच्या पायांना तेल लावायचे आणि उद्या सांगू म्हणायचे. यात माझी बाजू मांडण्यासारखे काही नाही.

लिलीला पुरले त्याच दिवशी संध्याकाळी रोवणाऱ्या बायका नेहमीसारख्या आल्या. पाय धुऊन ओसरीवर रांगेने बसल्या. सगळ्यांत पुढे गिरजाबाई होती. तिचे पाय दरवर्षी सर्वांत आधी सडायचे. तिने बोटे फाकवून पाय पुढे केला. माय चुलीपाशी बसली होती ती उठली नाही.

"म्या सोडलं आता," ती आतून म्हणाली.

"काहून व?" गिरजाबाई म्हणाली. "कुत्रीपायी? कुत्रं थे. चाटलं त्यानं. तू काय करशीन?"

"गाठ माई होती. ज्या हातानं मुक्या जिवाचं तोंड जाळलं, थो हात माणसाले लावाचा नाई."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कुणीतरी म्हणाले, मग उद्या बांधीत कसं उतरायचं, पाय टेकवत नाही. मग माय उठली, तिने कोनाड्यातून सुई आणि बिब्यांची पुडी काढली, बाहेर आली आणि दोन्ही माझ्या हातात ठेवली.

"ही घालन," ती बायकांना म्हणाली. "लहानपणापासून पायत आली हाये. आन तिच्या हातून कोणाचं वाईट झालं नाई."

मी मायकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती दिव्याची वात वर करत होती, मला नीट दिसावे म्हणून. तोंड उघडायला तेवढा वेळ होता. मी सुई बिब्यात टोचली आणि ज्योतीवर धरली. तेल सुटले. थेंब राईएवढाच पडला.

गिरजाबाईने डोळे मिटून श्वास आत ओढला, मग सोडला आणि ओले डोळे उघडून हसली. "मायपेक्षा हलका हात हाये व पोट्टीचा," ती म्हणाली. "देव भलं करो तुयं."

"सांगतलं नाई म्या?" माय म्हणाली आणि चुलीकडे परत गेली. मी गिरजाबाईचा दुसरा पाय मांडीवर घेतला.